भिंतीतली अकरा भोकं

मंगळवार, १४ मार्च १९८९, संध्याकाळ

टेकडीवरच्या मठाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत तिसऱ्या टप्प्याची, वरची माती धरून ठेवणारी दगडी भिंत आज दुरुस्त करून झाली. दगडांमधल्या सगळ्या फटी मी चुन्याने भरल्या, तळाशी ओळीने असलेली अकरा भोकंही. मुठीएवढी, सारख्या अंतरावर. तेव्हाच कळायला हवं होतं. पडझड कधी सारख्या अंतराने होते का?

हेड गार्डनर डेरेकने भिंतीवरून हात फिरवला. “नीट काम, पोरा.”

मग दुसऱ्या टप्प्यावर गेलो, तर तिथल्या भोकांतून पाणी ठिबकत होतं. मागच्या मातीतलं पाणी बाहेर पडावं म्हणून मठातल्या जुन्या साधूंनी ठेवलेली वाट. माझ्या भिंतीला ती उरली नाही; पाणी मागे तुंबलं की भिंत कोसळणार. आणि तिच्याखालीच तो बाक, म्हातारी माणसं शहर बघत बसतात तो.

बाबांना सांगितलं. म्हणाले, “साहेबाने शाबासकी दिली ना? मग गप्प बस. पर्मनंट झालास की सांग. शाळा अर्ध्यात सोडलेल्याला दुसरीकडे कोण घेणार?”

“तोवर भिंत थांबेल का?”

“शेकडो वर्षं थांबलीय.”

भोकं होती म्हणून थांबली. मी उठून फोनपाशी गेलो.

डेरेकला फोन करून भोकं बुजवल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “चुना अजून ओला असेल. सकाळी सातला ये, छिन्नी घेऊन.” नोकरीचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

छिन्नी पिशवीत ठेवली. भोकं अकराच होती ना? नीट मोजली होती ना मी?