छर्रा पडू द्यायचा नाही

११ फेब्रुवारी, अमडापूर

पोचले एकदाची. चिखलीपासून एसटीत उभी होते, पण शेजारच्या बाईंनी ओल्या हरभऱ्याची जुडी हातात ठेवली आणि ती सोलून खाता खाता गाव आलं. वैजनाथकाका स्टँडवर घ्यायला आले होते. सहा-सात वर्षं आम्ही फोनवर बोलतोय, समोरासमोर मात्र आजच भेटलो. ते माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. मी त्यांच्या कल्पनेपेक्षा उंच निघाले असणार, कारण पहिल्यांदा त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या ठेंगण्या बाईलाच नमस्कार केला.

काकांचं मोटरी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात आणि नवी तार भरून परत जातात. पुण्याच्या मॉलमधल्या गेमझोनमध्ये मी पिनबॉलची यंत्रं दुरुस्त करत होते, तेव्हा फ्लिपरची कॉइल, म्हणजे त्याला उचलणारं तारेचं वेटोळं, जळाली की परदेशातून मागवण्यात महिना जायचा. कुणीतरी काकांचा नंबर दिला. त्यांनी नमुन्यावरून हुबेहूब कॉइल भरून पाठवली, मिक्सरच्या खोक्यातून. तेव्हापासून रबरी कड्या सोडल्या तर माझं सगळं सामान इथूनच यायचं.

आता गेमझोन बंद झालाय आणि काकांनी मला काम दिलंय. त्यांच्या मुलीनं, इरानं, एक नवा खेळ रचला होता. तो अर्धवट राहिला. दोन वर्षांपूर्वी ती तापानं गेली. खेळ पुरा करून एप्रिलमध्ये हैदराबादच्या प्रदर्शनात मांडायचा, असं काकांच्या मनात आहे.

सुलभाकाकूंनी माझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. स्वतः मात्र आमच्याबरोबर बसल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी

आज खेळ नीट पाहिला. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलाय. पाहता पाहता मला इराचा हेवा वाटायला लागला.

एरवी पिनबॉलचं टेबल एका बाजूला उतरतं असतं. खेळणारा एकटा, आणि पोलादी छर्रा खाली आला की कडेची बटणं दाबून बोटाएवढ्या दोन फ्लिपरनी, म्हणजे दांड्यांनी, तो वर उडवायचा. चुकला की मधल्या भोकात गेला. इराचं टेबल घराच्या छपरासारखं आहे. मधे उंचवटा, दोन्हीकडे उतार. दोन्ही टोकांना फ्लिपर आणि दोन्ही टोकांना भोक. छर्रा उंचवट्यावरून पलीकडे धाडायचा, पलीकडच्यानं तो परत धाडायचा. मधे गुणांचा फलक उभा असल्यामुळे समोरचा माणूस दिसत नाही. काका म्हणाले, हे तिनं मुद्दाम केलं होतं; समोरच्याला त्याच्या हातावरून ओळखावं, असं ती म्हणायची. शिवाय यात कुणी जिंकत नाही की हरत नाही. छर्रा जितका वेळ दोघांत खेळता राहील तितके गुण वाढतात, दोघांचे मिळून.

असा खेळ मी कुठंच पाहिलेला नाही.

आपल्या बाजूचं सगळं जोडलेलं आहे. पलीकडच्या फ्लिपरना कॉइलच नाहीत, तारा नुसत्या लोंबतायत. त्या बसवणं हेच माझं पहिलं काम.

१६ फेब्रुवारी

काम संथ चाललंय, कारण शेड मोकळी मिळत नाही. काकू सकाळी अंघोळ करून आत जातात आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर येत नाहीत. आतून छर्ऱ्याची खडखड येत राहते. मी जेवायला बोलवायला गेले की मान हलवतात, नजर मात्र टेबलावरच असते. दोन्ही अंगठ्यांना चिंधी बांधलेली. रोज तिन्हीसांजेला खडखड थांबते आणि त्यांचं रडणं ऐकू येतं.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, तिचं दुःख तिच्यापाशी, तुम्ही मनावर घेऊ नका.

१९ फेब्रुवारी

आज काकू गोकुळच्या घरी बारशाला गेल्या. गोकुळ म्हणजे शेजारचा जीपवाला. काकांनी अक्षरशः हात धरून त्यांना पाठवलं. मला दुपार मोकळी मिळाली.

आपल्या बाजूचे फ्लिपर तपासायचे म्हणून एक छर्रा सोडला. उंचवट्यावरून पलीकडे गेला. पलीकडे कॉइल नाही म्हटल्यावर तो भोकात पडणार आणि खालच्या पन्हळीतून माझ्याकडे येणार, हे उघड होतं.

तो वरून आला. उंचवटा ओलांडून, नेमका माझ्या उजव्या फ्लिपरवर. मी सवयीनं परत मारला. तो पुन्हा आला.

उठून पलीकडे गेले असते, पण बटणावरून बोटं काढवेनात. कुणी अनोळखी माणूस पहिल्यांदा चेंडू टाकताना हळू टाकतो ना, तसा येत होता छर्रा. मला झेपेल असा.

मग माझा नेम चुकला आणि छर्रा माझ्याच भोकात गेला. त्या क्षणी पलीकडून एक श्वास ऐकला. आत ओढलेला. सोडल्याचा आवाज आलाच नाही.

पलीकडे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. तारा तशाच लोंबत होत्या.

२० फेब्रुवारी

काल छर्रा माझ्याकडेही परत आला, हे मी न सांगताच काकूंना कळलं. त्यांनी मला शेडमध्ये बसवून सगळं सांगितलं, हात बटणांवर ठेवूनच. इरा संभाजीनगरला दवाखान्यात होती. काकू आठ दिवस उशाशी बसून होत्या. नवव्या दिवशी सगळ्यांनी आग्रह केला म्हणून अंघोळीपुरत्या नातेवाइकांकडे गेल्या, आणि तेवढ्यात ती गेली. वर्षश्राद्धानंतर टेबल पुसताना सहज छर्रा सोडला, तर तो परत आला.

“माह्या पोरीचा हात मी ओळखत नाही काय?” त्या म्हणाल्या. “छर्रा पडला की ती जाते. म्हणून मी हलत नाही आता.”

पण माणूस थकतं. रोज संध्याकाळी छर्रा पडतोच. रोज त्या तो श्वास ऐकतात, आणि सकाळी पुन्हा सुरू करतात.

त्यांनी मला विनवलं, छर्रा पडणारच नाही असं काहीतरी कर.

२३ फेब्रुवारी

दुपारी काका मला दुकानात घेऊन गेले. भरायला आलेली मोटर उघडी पडली होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. म्हणाले, मला बोलावलं ते प्रदर्शनासाठी नव्हेच. ते टेबल खोलून टाकायला त्यांचे हात धजत नाहीत, म्हणून परक्या माणसाला बोलावलं.

“पोरीले एकदाच जाऊ द्या,” ते म्हणाले. “रोज रोज मरून राह्यली ते. मले नाही पाहवत.”

मी हो म्हटलं. मग पाना घेऊन शेडच्या दारात गेले. काकू हसत होत्या. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना. पलीकडून एक अवघड, तिरका छर्रा आला होता आणि त्यांनी तो बरोबर झेलला होता. मी पाना तसाच परत ठेवला.

२५ फेब्रुवारी

काकूंचं ऐकलं. दोन फ्लिपरच्या मधे, भोकाच्या तोंडाशी एक खुंट बसवला, वर रबरी कडी. पिनबॉलमध्ये ही जुनीच युक्ती आहे. छर्रा खुंटावर आपटतो आणि उसळून वर जातो. पलीकडेही तसाच बसवला. आता तो पडूच शकत नाही. काकू आज जेवल्या. माझ्या केसांना तेल लावून दिलं.

२७ फेब्रुवारी

चूक झाली.

दोन दिवस छर्रा पडला नाही, आणि दोन दिवस श्वास थांबलेला नाही. आता तो खेळतानाही ऐकू येतो. घरघर. स्वयंपाकघरात येते, अंगणात येते. पलीकडून छर्रा येतो तो कसाबसा उंचवटा चढून, जीव गोळा करून. तिला जाताच येत नाहीये — आणि राहताही —

काकूंनाही कळलंय. खेळतायत.

२८ फेब्रुवारी

खुंट काढला. काकूंनी अडवलं नाही, फक्त बटणं सोडली नाहीत. मी हात आत घालून स्क्रू काढत होते आणि त्या छर्रा माझ्या बोटांवरून पलीकडे धाडत होत्या. पलीकडचा खुंटही काढला. तिकडची हवा गरम होती. अंगात ताप असलेल्या माणसाजवळ बसावं तशी.

संध्याकाळ झाली तरी छर्रा पडला नाही. काकू उठल्या नाहीत. मध्यरात्र झाली, तरी तिथंच आहेत.

१ मार्च

रात्रभर आणि सकाळभर खेळून दुपारी काकू कोसळल्या. छातीत कळ. पडतानाही डावा हात बटणावर. “तू धर,” एवढंच म्हणाल्या. मी धरलं.

काका आणि गोकुळ त्यांना जीपमध्ये घालून चिखलीला गेले.

छर्रा माझ्या डाव्या फ्लिपरवर अडकवून ठेवलाय. बटण दाबून धरलं की फ्लिपर वर राहतो, छर्रा त्याच्या कुशीत थांबतो. उजव्या हातानं लिहितेय. लिहिलं नाही तर घरघर ऐकत बसावं लागेल.

पण फार वेळ दाबून धरलं की कॉइल तापते —

जरा वेळानं. गोकुळचा फोन आला. काकू वाटेतच गेल्या.

बटण धरून आहे.

घरघर थांबली.

थांबली म्हणजे — श्वास आहे. शांत झालाय. झोपलेल्या मुलीसारखा. आणि त्याच्या शेजारी दुसरा —

व्हार्निश जळाल्याचा वास. कॉइल चालली. बटण दाबलेलं आहे, तरी फ्लिपर खाली येतोय. काच सरकवली. डावा हात आत —

धरला. भोकाच्या तोंडाशी धरला. मुठीत आहे. गरम आहे, धडधडतोय. माझीच नाडी असेल.

पलीकडून कुणीतरी माझी बोटं उघडतंय. एकेक. जोर नाही. मूल झोपेत पदर धरून ठेवतं, तो सोडवताना —

“सोड वं माय,” असं म्हणाल्या. आवाज ओळखीचा. “आता मी हाय तिच्यापाशी.”

सोडायला हवं. सोडते. मला रडू का —

जीप आली. काका दारात आहेत. चप्पल एकाच पायात. त्यांनी माझी मूठ पाहिली. त्यांनाही ऐकू येतायत, दोन्ही श्वास. मला वाटलं तेही सोड म्हणतील. एकदाच जाऊ द्या, असं त्यांनीच तर —

काका हात जोडतायत. “सोडू नको पोरी. आता दोघी बी तिकडं हायेत. मले एकट्याले —”

बोटं उघडतायत. दोन राहिली. काका माझी मूठ वरून दाबून धर