तळ्याची दुसरी फेरी

१४ मार्च, दुपार

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग तेवढा कागदावरच, कारण पाय उशीवरून खाली घ्यायचा नाही असा हुकूम आहे.

तुम्ही आत्ताच डबा ठेवून गेलात आणि मी लगेच पत्र लिहायला बसलो, याचं तुम्हाला हसू येईल. समोर बसून जे बोलता येत नाही ते लिहितोय. धुतलेल्या डब्यात ठेवीन, घरी गेल्यावरच वाचा. अक्षर लावून घ्या. माझी शाळा सातवीत सुटली, हे आपले मास्तर धावता धावता रोज एकदा तरी काढायचेच.

आधी पायाची खबर. तुम्ही विचारलंत तेव्हा 'मुरगळलाय' म्हणून उडवून लावलं. मुरगळलेला नाही. टाचेच्या मागची जाड शीर अर्धी तुटलीय. रविवारी तळ्याच्या दुसऱ्या फेरीला, उतारावर, मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. आवाजही आला, यंत्राचा पट्टा तुटतो तसा, फट्ट. मी शिवी हासडून मागे वळलो. रिकामा रस्ता आणि एक बदक. शिवी त्या बदकाला लागली असेल तर माफी मागायला हवी.

हाडांची डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाची. पालथं झोपवलं, पोटरी दाबली, पाऊल हलतं का पाहिलं. म्हणाली, "काका, हे एका दिवसात होत नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना दुखायचं का?"

"दोन महिने."

"मग थांबला का नाहीत?"

"सवय नाही," म्हटलं. ती हसली. मीही हसलो. गाडीत बसल्यावर हसू गेलं.

ही मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून तुम्ही रोज दोन जिने चढून येता. भाजीत मीठ कमी असतं. मास्तरांचं पथ्य तुमच्या हातातून अजून गेलेलं नाही. मी वरून मीठ घेत नाही, तसंच खातो.

काल डबा उघडता उघडता तुम्ही म्हणालात, "भाऊजी, त्यांना जाऊन वर्ष झालं, पण एक गोष्ट खुपते. पडताना त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. इतके एकटे होते का हो ते?" आणि वर मलाच समजावलंत, "तुम्ही पुढे होतात. ऐकू आलं असतं तर तुम्ही थांबला असतात, माहीत आहे मला."

म्हणून हा कागद काढला.

वहिनी, माझं पोट कानांवर भरलं. एका पान्यावर धंदा सुरू केला, तेव्हापासून मोटर न उघडता कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. कारखान्याच्या फाटकाबाहेरूनच ओरडतो, 'तीन नंबरला तेल घाला.' कामगार म्हणतात, शेठच्या राज्यात पुटपुटायचीही सोय नाही. असल्या माणसाला वीस पावलांवरचं ऐकू आलं नाही, हे तुम्ही वर्षभर मानून घेतलंत.

आठ वर्षं आम्ही बरोबर धावलो. उंच माणूस, लांब ढांगा. तळ्याच्या फाटकाला हात दर वेळी त्यांचाच आधी लागायचा. मग मला म्हणायचे, "शेठ, पहिला नंबर इथे विकत मिळत नाही." हसत म्हणायचे. मीही हसायचो, पण लागायचं.

त्या दिवशी दुसऱ्या फेरीला मी पुढे होतो. आठ वर्षांत पहिल्यांदा. मागे त्यांच्या पावलांचा ताल बिघडला. एक पाऊल जड, एक उशिरा, मग नुसती फरफट. मग हाक आली.

ते मस्करी करताहेत असं मला वाटलं, हे लिहायची फार इच्छा होतेय. वर्षभर स्वतःला तेच सांगत आलो. पण मस्करीचा आवाज मी ओळखतो. तो तसा नव्हता. समोर फाटक दिसत होतं, म्हणून धावत राहिलो. फाटकाला हात लावला, दोन्ही हात वर केले आणि मग वळलो. तोवर फिरायला आलेली एक बाई त्यांच्यावर वाकली होती.

दवाखान्यात म्हणाले, कुणी काही करू शकलं नसतं. मी मान डोलावली. आणि तुमच्यासमोर, तुम्ही न विचारताच म्हणालो, "मला काही ऐकूच आलं नाही."

मास्तर एकटे नव्हते, वहिनी. त्यांनी हाक मारली होती. शब्द जसेच्या तसे देतो, पदरचं काही घालत नाही. "शेठ, थांब. हिला सांग…"

पुढचं मला ऐकू आलं नाही. हे मात्र खरं आहे. माझ्याच पावलांचा आवाज त्यावर पडला. ते तुमच्यासाठी होतं एवढं नक्की. काय होतं, ते मी धावण्यात घालवलं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग तुम्हाला रागवायलाही जागा उरणार नाही. तेवढी तरी ठेवा.

दर वेळी खाली 'तुमचा भाऊजी' लिहितो. आज ती जागा कोरी सोडतोय. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. वाटलं तर कोरीच राहू द्या.

कळावे,