तुपाच्या डब्यांवरचं उड्डाण

२ नोव्हेंबर, सकाळ
निर्णय झाला. मी, अब्दुलतव्वाब, चौथी पास (जवळजवळ), वैमानिक होणार.

कॅप्टन हायलनी काल आम्हा मैदानावरच्या कामगारांना रांगेत उभं करून सांगितलं, उड्डाणशाळा यंदा एक जागा आपल्या माणसाला देणार. २४ तारखेला चाचणी. पाच मिनिटं हवेत. नावं दोघांनीच दिली. मी आणि शहाता. शहाता इंधन भरतो. इजिप्तमधलं मीन्या सोडून आम्ही एकाच बोटीने इकडे जॉर्डनला आलो, तेवढंच आमच्यात साम्य.

अभ्यासाला बावीस दिवस. जास्तच आहेत.

३ नोव्हेंबर
पद्धत सापडली. विद्यार्थी व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात, डोळे मिटतात आणि बसल्या जागी हेलिकॉप्टर चालवतात. गुडघ्यांमध्ये काठी. दुसऱ्या हाताने बाजूचा दांडा ओढला की मशीन चढतं. पाय दाबला की नाक वळतं. सारखं तेच करायचं, म्हणजे अंगात मुरतं. मी चहाचा पेला घेऊन बरोब्बर समोर उभा राहिलो आणि सगळं डोळ्यांत भरून घेतलं. तोंडाने पुटपुटतात ते इंग्रजी. त्याची गरज नाही. नजर असली की शाळा लागत नाही.

शिवाय अनुभव. चार वर्षं दोन्ही हातांत नारिंगी फळ्या घेऊन मी हेलिकॉप्टरच्या तोंडासमोर उभा आहे. माझ्या इशाऱ्यावर उठतात, बसतात. आत कधी बसलो नाही. काचसुद्धा बाहेरून पुसतो. पण ते नियम आहेत म्हणून, येत नाही म्हणून नव्हे.

५ नोव्हेंबर
साहित्य जमवलं. खुर्ची, झाडूचा दांडा, तुपाचे दोन रिकामे डबे (पायांसाठी), आणि संडास तुंबला की वापरतो तो रबरी दट्ट्या. तो बाजूचा दांडा. उद्यापासून पहाटे साडेचार.

६ नोव्हेंबर, सकाळी १०
शुक्रवार. सुट्टीला मेंदू ताजा राहू द्यावा.

९ नोव्हेंबर
साडेचारला उठलो. दट्ट्या शहाताने नेला होता. संडास खरंच तुंबला होता. दिवस वाया.

१० नोव्हेंबर
गाण्याची पद्धत. ऊस तोडताना आमच्याकडे म्हणतात त्या चालीवर बसवलं. उजवा हात वर, उजवा पाय दाब, काठी जागेवर ठेव रे बाबा. चाळीस वेळा म्हटलं. आता झोपेतही हात बरोबर उठतो. खोलीतल्यांची तक्रार आहे.

१२ नोव्हेंबर
शहाता दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, पाशा, उडतोयस की आरशात बघून दाढी करतोयस? उलटं वाटतं रे काहीतरी.
मी म्हटलं, जळू नकोस.
म्हणाला, जळत नाही, पेट्रोलवाला आहे मी, मला जळणं परवडत नाही.
दुर्लक्ष.

१४ नोव्हेंबर, दुपार
आईचा फोन. गेल्या महिन्यात मी जरासं बोलून गेलो होतो की मी उडण्याच्या कामात आहे. आता गल्लीत तिला सगळे वैमानिकाची आई म्हणतात. चक्कीवर तिला पुढे जाऊ देतात. वडिलांनी तर गच्चीवरचं कबुतरखान्याचं खोपटं शेजारच्या छपरावर हलवलं. पोरगा हेलिकॉप्टर घेऊन आला तर उतरेल कुठे?
मी म्हटलं, घाई कशाला केलीत?
आई म्हणाली, अरे, परवा तूच म्हणालास ना, झाल्यात जमा आहे.
म्हणालो होतो.

१५ नोव्हेंबर
अभ्यास दुप्पट करणार.

१८ नोव्हेंबर
इंजिन बंद पडण्याचा सराव. त्यात दांडा क्षणात खाली दाबायचा. दाबला. खुर्चीचा पाय मोडला. डबा चेपला. मशीन सुखरूप उतरवलं असं धरायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबर
आपली तयारी पूर्ण. डोळे मिटून, एकही चूक नाही, शंभर वेळा.
शहाताची दया येते. आज यंत्रवाल्याला विचारत होता, उस्ताद, तो दांडा कुठल्या हाताने धरतात? चाचणीच्या आदल्या दिवशी! मी हसलो. यंत्रवाला माझ्याकडे बघून काही बोलणार होता. मी थांबलो नाही.

२४ नोव्हेंबर, सकाळी ६
गाणं आणखी दहा वेळा म्हटलं. थंडी आहे.

२४ नोव्हेंबर, दुपारी १
लिहून टाकतो.

माझ्या जागी फळ्या घेऊन शहाता उभा होता. मी उजवीकडच्या सीटवर, कॅप्टन शेजारी. त्यांनी मशीन माणसाच्या उंचीवर स्थिर केलं आणि म्हणाले, मुला, आता तू थोडं वर घे. हलक्या हाताने.
मी डोळे मिटले. गाणं सुरू केलं. उजवा हात खाली नेला, सापडलं ते धरलं, वर ओढलं. उजवा पाय दाबला.

ती दाराची कडी होती.

दार उघडलं. वाळू तोंडात. नाक गरकन फिरलं, शहाता गेला, इंधनाची टाकी आली, व्हरांडा आला. कॅप्टन ओरडले, सोड! सगळं सोड! मी दार सोडलं नाही. तेवढंच हातात होतं. पुन्हा शहाता दिसला. फळ्या खाली, खाली, खाली. एकदाही मागे सरकला नाही.

उतरल्यावर कॅप्टननी आधी माझ्या बाजूचं दार लावलं. मग म्हणाले, दांडा डाव्या हाताला असतो. तू शिकलास कुठून?
समोरून, मी म्हटलं.
त्यांनी माझा खांदा दाबला. म्हणाले, पाठांतर पक्कं आहे, बाबा. हीच पंचाईत आहे. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं, ही आधी पुसावी लागेल.

शहाता आत बसला आणि पहिलंच वाक्य, कॅप्टन, मला काही येत नाही, सांगाल तसं करतो.
जागा त्याला मिळाली.

२६ नोव्हेंबर, सकाळी ८
शहाताचा पहिला धडा. मी फळ्या घेऊन समोर. काचेतून त्याचा हात नीट बघितला. माझ्या उजवीकडचा. त्याचा डावा. चार वर्षं तिथेच होता.
वर ये, असा इशारा दिला. आला.

२७ नोव्हेंबर, दुपार
घरी फोन केला. आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, हात-पाय शाबूत आहेत ना? मग झालं.
म्हटलं, वडिलांना सांग, खोपटं परत आणा.
ती म्हणाली, खोपटं तिकडे आहे, पण कबुतरं एक दिवसही तिथे बसली नाहीत. रोज संध्याकाळी येतात आणि आपल्याच रिकाम्या गच्चीवर उतरतात.