फोटो कोणी काढला?

शनिवार, ७ सप्टेंबर

उद्या सहल! वर्षभर टाळाटाळ केली, शेवटी शाळेतल्या आपल्या भाषेच्या मंडळींनी मला गाडीत कोंबायचं ठरवलंच. पुढारी रसायनशास्त्राचे सर. सगळे त्यांना कप्तान म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं. "मॅडम, गाडी कुणासाठी थांबत नाही हां!" — म्हणजे रविवारीही हजेरी.

खरं तर चूक माझीच. रविवारी काय करतेस असं आईने परवा विचारलं आणि मी बोलून गेले — धुणं. झालं! "परदेशात जाऊन खोलीत धुणं धुतेस? एकटी कुढत बसणार असशील तर सरळ परत ये. इथे काय धुणं नाहीये?" बाबा गेल्यापासून त्या घरात ती एकटी आहे, आणि काळजी कोणाची करते तर माझी.

रविवार, ८ सप्टेंबर

कप्तानांनी शिट्टी आणली होती. खरीखुरी! खेळाच्या सरांची असते तशी, दोरीसकट. शिट्टी वाजली की उतरायचं, शिट्टी वाजली की चढायचं. किल्ला बघायचा होता. डबे गाडीतच उघडले ते किल्ल्याच्या दारात कसेबसे मिटले. कप्तानांनी इतिहास सांगितला — "इथे फार मोठी लढाई झाली." मी विचारलं, कुणाकुणाची? "मोठीच होती, मॅडम." मग परतीची शिट्टी.

येताना कप्तानीणबाई माझ्या शेजारी सरकल्या. "एकट्याच राहता ना? मग स्वयंपाक कुणासाठी करता हो?" म्हटलं, माझ्यासाठी, मलाही भूक लागते. त्यानंतर गाडीत जी शांतता पसरली ती सबंध सहलीतली सर्वांत सुंदर गोष्ट.

आईला ग्रुप फोटो पाठवला. "ती निळ्या साडीतली किती सुस्वभावी दिसते गं! तिला धरून राहा." कप्तानीण!!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

कप्तानांना सांगितलं, पेपर तपासायचेत. साफ खोटं. आईला सांगितलं, रविवारी पुन्हा सगळ्यांबरोबर जातेय. तेही खोटं. जाणार आहे, पण एकटी.

रविवार, १५ सप्टेंबर

तळ्यावर जाऊन आले. आधी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. भूगोलाची शिक्षिका! आठवीच्या पोरांना कळलं तर माझी धडगत नाही. पण बाकावर बसून निवांत डबा खाल्ला, झाडाखाली तासभर आडवी झाले, कोणीही शिट्टी वाजवली नाही. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

स्वतःच काढलेला फोटो आईला पाठवला. लगेच फोन. "हात केवढा लांब दिसतोय तुझा. फोटो कोणी काढला? तूच ना? बाकीचे कुठे उलथले?" चहाला गेलेत. "आणि तू नाही गेलीस? चहा सोडून?" ही बाई पोलीस खात्यात हवी होती.

रविवार, २२ सप्टेंबर

युक्ती सापडली! डबा कठड्यावर ठेवायचा, फोन त्याला टेकवायचा, घसरू नये म्हणून पुढे डब्याचं झाकण लावायचं. टायमर सुरू करायचा, धावत समोर जायचं आणि कोणीतरी विनोद केल्यासारखं हसायचं. पहिल्या फोटोत माझी पाठ आली. दुसऱ्यात नुसता पाय. तिसऱ्यात मी छान हसतेय, पण मागे एक आजोबा माझ्याकडे बघत नातवंडांना लांब नेताहेत. चौथा जमला. खालून काढल्यामुळे हनुवट्या दोन दिसतात, पण पुराव्याला चालतं.

आई — "छान आलाय. कोणी काढला?" एका मैत्रिणीने. "हं."

पाठवल्यावर पाहिलं, तळाशी झाकणाची चकचकीत कड आली आहे. जाऊ दे, आईला काय कळतंय.

रविवार, २९ सप्टेंबर

आईचा फोटो आला. बागेत. नवी साडी, वर बाबांचा गॉगल! कॉलनीतल्या सहाजणींचा कंपू जमलाय म्हणे, आता दर रविवारी फिरणार. बाकीच्या कुठे आहेत? "खायला गेल्यात. खादाड मेल्या!" मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आणखी दोन वर्षं राहाल का, शुक्रवारपर्यंत सांगा.

मला राहायचंय. माझा वर्ग, माझे रविवार, ती उलट्या दिशेची बससुद्धा आवडायला लागलीय. प्रश्न एकच — आई. ती एकटी पडत असेल तर बाकी सगळं चुलीत. फोनवर विचारलं, तर म्हणाली, "राहा की! मला कुठे सवड आहे? रविवारी आमचं धरणावर जायचं ठरतंय." मला हायसं वाटायला हवं होतं. रागच आला. जरा तरी आग्रह करायचा ना, चल ये परत म्हणून!

गुरुवार, ३ ऑक्टोबर

ठरलं. उद्या हो सांगायचं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

मुख्याध्यापिकांच्या केबिनबाहेर बसले होते. वेळ जाईना म्हणून आईचा फोटो उघडून मोठा करून बघत बसले. बागेतला. आई हसतेय, कोणीतरी विनोद केल्यासारखी. हनुवट्या दोन. आणि तळाशी — झाकणाची चकचकीत कड.

कंपू नाही. मैत्रिणी नाहीत. नवी साडी नेसून ती एकटी बागेत गेली, बाकावर डबा ठेवला आणि या वयात धावत समोर गेली. गुडघे दुखतात तिचे.

आतून हाक आली. मी गेले आणि "नाही" म्हणून आले. मुख्याध्यापिकांपेक्षा मीच जास्त दचकले.

रविवार, ६ ऑक्टोबर

धरणावरचा फोटो आला. लगेच फोन लावला. "आई, फोटो कोणी काढला?"

म्हणाली, "तुझा काढते ना, तिनेच. झाकण पुढे लावलं की फोन घसरत नाही, हे तुझ्याकडूनच शिकले. पण तू त्यात हसत होतीस गं. म्हणून म्हटलं, राहू दे हिला तिकडे."