हजर, पण मत नाही

ओमाहा, ११ जानेवारी

चि. लुमीर यास ब्लांकाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. सोबत कोलाचे, आपले खसखस भरलेले गोड पाव, पाठवलेत. बायकोला आधी दे, नाहीतर तिच्या हाती रिकामा डबाच लागायचा.

आता मुद्द्याचं. रेडिओवर तुझं नाव ऐकलं. अध्यक्षाच्या निवडणुकीत आपल्या राज्याची मतं पाच. दोन राज्यभर जिंकेल त्याला, उरलेली तीन आपल्या तीन मतदारसंघांची, एकेक. आता म्हणे पाचही मतं राज्यभर जिंकणाऱ्यालाच द्यायची. म्हणजे राज्याहून वेगळा कौल देणाऱ्या आमच्या ओमाहाचं एक मत गडप! शेजारची डोलोरेस म्हणाली, मग आम्ही रांगेत उभं राहायचं ते काय पाय मोकळे करायला? मी तिला ऐटीत सांगून बसले, की विधिमंडळात माझा भाऊ आहे, तो हे होऊ देणार नाही.

तीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुऱ्या चालवून मी संध्याकाळी वाचनालयात राज्यघटना वाचलेली आहे. तेव्हा ‘गुंतागुंतीचं आहे’ असं मला लिहू नकोस.

लोभ आहेच, तो उत्तरावर अवलंबून नाही; तरी उत्तर लवकर धाड.

तुझी ब्लांका


लिंकन, १७ जानेवारी

ती. ताईस लुमीरचा सा. न. वि. वि. कोलाचे पोचले, तीन बायकोलाही मिळाले.

ताई, गुंतागुंतीचंच आहे गं. कागदावर आमच्या सभागृहात पक्ष नाहीत. जेवणाच्या टेबलावर मात्र आहेत. विरोधकांनी भाषणं लांबवत ठेवली आहेत. ती थांबवायला एकोणपन्नासांतली तेहतीस मतं लागतात, नाहीतर विधेयक बारगळतं. बत्तीस जमलीत. तेहतिसावा मी.

ज्यांनी मला निवडून दिलं त्या गावाकडच्यांचं म्हणणं असं, की बाकीची बहुतेक सगळी राज्यं आपली सगळी मतं एकालाच देतात, मग आपणच एक तोडून का द्यायचं? ऑटो हावरानेक, ज्याने माझ्यासाठी पहिल्या निवडणुकीत दारोदार पत्रकं वाटली, तो म्हणाला, बहिणीसाठी गाव विकलंस तर मीच तुझ्याविरुद्ध उभा राहीन.

मी वाट काढली आहे. नाव पुकारलं की म्हणायचं, ‘हजर, पण मत नाही.’ ना हो, ना नाही. आकडा बत्तिसावर अडतो, तुमचं मत वाचतं, आणि बहुधा माझी खुर्चीही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा लुमीर


ओमाहा, २१ जानेवारी

चि. लुमीर यास आशीर्वाद, या वेळी जरा कमी.

गप्प बसलास तरी विधेयक पडतं, हे मीही बोटांवर मोजलं. पण पुढच्या साली ते पुन्हा आणतील, आणि यादीत तुझ्या नावापुढे लिहितील: थोडं ढकललं की सरकतो. चोरट्यासारखं वाचवलेलं मत मला नको. आणि ‘बहिणीसाठी’ तर मुळीच नको.

ऑटोला विचार, शहर वाढतंय की नाही? उद्या आम्हीच राज्यभर जिंकलो, तर पाचही आम्ही नेऊ, तुमच्या भागाचं मतसुद्धा. तेव्हा शिव्या कुणाला देणार? म्हणावं, तुझंही मत मी राखतोय, बाबा.

नाही म्हणायचं असेल तर तोंड उघडून म्हण. हरलास तर इथे ये, मागची खोली रिकामी आहे.

तोवर लोभ माझ्याकडे राखून ठेवते.

ब्लांका


लिंकन, १२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

विधेयक पडलं. ऑटोला तुझं म्हणणं सांगितलं. शहर वाढेल तेव्हा बघू, म्हणाला, आणि त्याने माझ्याविरुद्ध उमेदवारीचा अर्ज भरला. त्याच खिडकीवर, त्याच्यामागे उभं राहून मीही माझा भरला.

काल नावं पुकारून मतं घेतली. ऑटो वर प्रेक्षकांत बसला होता. माझं नाव आलं आणि मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. कारकून म्हणाला, ऐकू आलं नाही, हजर म्हणालात का? झाली तीच वाट पुन्हा मोकळी! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

मी उभा राहिलो. वर ऑटोकडे बघून म्हणालो, नाही.

लोभ माझ्याकडे धाडून दे. खोली मात्र भाड्याने देऊन टाक.

तुझा लुमीर