उभं राहण्याआधी

प्रिय धाकट्या,

सुई बाबांच्या हातात शिरली तेव्हा आई अजून त्यांचे मोजे शोधत होती. बाबांना कूससुद्धा बदलता येत नव्हती आणि ती म्हणत होती, अहो, पायात काहीतरी घाला, परकी माणसं आलीत घरात. रक्त घ्यायला आलेली मुलगी हसली. बाबाही हसले. तेवढं त्यांना जमत होतं.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे. डॉक्टरांकडे जायचं ते स्वतःच्या पायांनी, दाढी-आंघोळ करून. दिवसभर शिडीवर चढून बाबा लोकांच्या भिंती रंगवत, रात्री पोटभर जेवत आणि एखाद्या सकाळी पाय ओंडक्यासारखे पडलेले. मग आपण थांबायचो. दुपारी पाय हलायला लागले की आई शर्टाला इस्त्री करायची. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबा धडधाकट. एकाने कंबर सांगितली, एकाने नसा, तिसऱ्याने मन. काका म्हणाले, कामचुकारपणावर अजून गोळी निघालेली नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी एक खोली जास्त रंगवली.

या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहून एवढंच विचारलं, यातलं एक तरी रक्त पाय गेलेले असताना घेतलंय का? आई म्हणाली, अशा अवस्थेत माणसाला बाहेर कसं काढायचं हो? बाई म्हणाल्या, काढू नका. कळवा, मी माणूस पाठवते.

त्या सकाळच्या रक्तात पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. आजार दुर्मिळ आहे. पाय परत येतात तसं पोटॅशियमही परत येतं, म्हणून दुपारच्या रक्तात ते कधी सापडलं नाही. औषध आहे, पाण्यात विरघळवून घ्यायचं. बाबांनी काकांना फोन करून आजाराचं नाव सांगितलं, अगदी सावकाश.

आता लिहायचं कारण. हा आजार बापाकडून मुलांत उतरू शकतो. माझी तपासणी झाली, माझ्यात नाही. तुझी बायको आईला म्हणाली, काही सकाळी तू हाक मारूनही उठत नाहीस. ती त्याला आळस म्हणते आणि तू तिला म्हणू देतोस. फोनवर विचारलं की विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. पोटॅशियम फार उतरलं तर हृदय बंद पडू शकतं. बरं वाटायची वाट पाहू नकोस. पडल्यापडल्याच रक्त दे.

तुझीच,
ताई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. तुझे पाय हलत नव्हते आणि तू तिला दुपारपर्यंत थांब म्हणत होतास. मी तिला म्हटलं, थांबू नकोस. तिने शेजाऱ्यांना बोलावून तुला तसंच उचलून दवाखान्यात नेलं.