कडेवरून उतरताना

बाई,

सकाळपासून चाकांची खुर्ची टेबलाला लावतेय आणि परत खिडकीकडे फिरवतेय. काय सांगायचंय ते नीट ठरत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नसावी, पण भांडणाचं पहिलं वाक्य मनात आलं की तुमचे हात आठवतात. थंडीत आमच्या पायांना हात लावायच्या आधी तुम्ही ते एकमेकांवर खसाखसा घासायचात. "गार हात लागला की स्नायू आणखी आखडतात," म्हणायचात. मला वाटतं, तुम्हाला आमचं दचकणं बघवत नसे. तर ऐका. माझा उजवा खांदा गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता या हातावर अंगाचा भार टाकायचा नाही. आणि माझं सगळं जगणं त्या हातावर उभं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या शाळेतली तुमची ती व्यायामाची खोली अजून तशीच डोळ्यांसमोर येते. भिंतभर आरसा, त्याच्यासमोर दोन समांतर दांडे, रेक्झिनची निळी गादी, पायांवर ठेवायच्या वाळूच्या पिशव्या. शेजारच्या खोलीत बोलायला शिकवणाऱ्या स्पीचच्या मॅडम मुलांना कागदाच्या कपट्यांवर फुंकर मारायला लावायच्या, त्यांचं हसू आमच्यापर्यंत यायचं. आमच्या खोलीत मात्र कण्हणंच जास्त. जन्माच्या वेळी माझ्या मेंदूला इजा झालेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. अप्पा मिल्ट्रीत, घर इस्लामपूरजवळच्या खेड्यात, उसाचं रान. माझ्या शाळेसाठी आईनं सांगलीत खोली घेतली होती आणि रोज ती मला कडेवर घेऊन यायची. मी दहा-अकरा वर्षांची झाले होते. माझे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटायचे, ती एका बाजूला वाकून चालायची.

एका सकाळी तुम्ही दारातच उभ्या होतात. "आता तिला खाली ठेवा."

"आवं बाई, पायऱ्या हायत. पडंल ती."

"पडू दे. रांगत येईल."

"लोकं बघत्यात."

"बघू देत. अहो, ही आता वयात येईल. तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमच्यामागं हिला संडासला कोण नेणार?"

कागदांवर फुंकर मारणारी मुलंही तेवढ्यात गप्प झाली, असं मला वाटतं. खरंच झाली असतील की नाही कोण जाणे. आईच्या हाताची पकड माझ्या मांडीला रुतली. ती हळूच म्हणाली, "माज्या पोरीसमोर माज्या मरणाचं बोलताय व्हय?" आणि मला तशीच घेऊन मागं वळली. दुसऱ्या दिवशी स्टोव्ह, अंथरूण, माझी पाटी असं सगळं बांधून आम्ही एसटीनं गावाला आलो.

गावात मी उंबऱ्याशी बसलेली असते. कोंबड्या, येणारीजाणारी माणसं, वैरणीचे भारे. आई रोज तेल लावून पाय चोळते, पण ओढायचे कसे ते तिला जमत नाही, आणि पाय दिवसेंदिवस घट्ट होत जातात. चुलती म्हणते, "आणलंस ते बरं केलंस, नशिबात हाय ते हाय." मला मात्र तुमचा प्रश्न सोडत नाही. घरातल्या एकेका माणसाकडं बघून मी मनात विचारते, संडासला जायचं झालं तर हिला हाक मारता येईल का? चुलती आत्ताच तोंड फिरवते. धाकटा भाऊ, त्याला कसं सांगायचं? आजी तर स्वतःच भिंत धरून चालते. आईला हे विचारावं असं फार वाटतं, पण विचारलं की ती मरेल अशी काहीतरी भीती बसलेली. मी पाणी कमी प्यायला लागले. आईला ते कळलं, पण त्याचं कारण कळलं नाही. की कळलं होतं?

मग एका दुपारी तुम्ही आलात. फाट्यावर एसटीतून उतरून उसातल्या वाटेनं चालत, साडीचा काठ चिखलानं भरलेला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती उठली नाही. तुम्ही सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसलात.

"ते मी तिच्यासमोर बोलायला नको होतं," तुम्ही म्हणालात. "पण बोलले ते खोटं नव्हतं."

आई थापतच राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "चालंल का ती? खरं सांगा."

"नाही. दांड्यांना धरून चार पावलं टाकेल, त्याहून जास्त नाही. पण आपली आपण उठेल, बसेल, आत जाऊन येईल. तेवढं मी तिच्याकडून करून घेईन."

डॉक्टर, देवऋषी, पाहुणे, सगळे म्हणायचे, चालेल की, का नाही चालणार. 'नाही' असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी दाराशी बसून ऐकत होते. मला रडू यायला हवं होतं, पण छातीवरची वाळूची पिशवी कुणी उचलावी तसं झालं. तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती बाजूला टाकली, दुसरी चांगली भाजून तुमच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "धरायला दांडा लागंल न्हवं? किती उंच ठोकायचा?"

तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात. परसातल्या संडासात मला नेऊन बसवलंत, माझा हात भिंतीवर ताणलात, आणि आईनं चुलीतल्या विझल्या कोळशानं तिथं खूण केली. दुसऱ्या दिवशी सुतारानं बाभळीचा दांडा बसवला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आम्ही परत सांगलीला आलो. मी किती पडले, तुम्हाला किती शिव्या घातल्या. आणि मग सुट्टीतल्या एका सकाळी मी परसातल्या त्या संडासात गेले, कडी लावली, आणि माझी मी बाहेर आले. आई पायरीवर बसली होती. ती रडली नाही, हसली नाही. रिकामे हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

मला साताऱ्यात नोकरी लागली त्याच वर्षी तुम्ही गेलात. आई माझ्याजवळ राहिली, गेल्या वर्षी तीही गेली. शेवटी म्हणाली, "तुजी काळजी न्हाई गं मला." ते तिला म्हणता आलं, ते तुमच्यामुळं. हे मी विसरत नाही. तरी बाई, या खांद्याचं काय? कुणी उचलायला आलं की 'नको' म्हणायचं, हे तुम्ही मला इतकं पक्कं शिकवलंत की आता 'या' म्हणायला तोंड उघडत नाही. आमच्यासारखी मुलं पन्नाशीकडं झुकतील असं तुम्ही धरलंच नव्हतं का? की धरलं होतं आणि म्हणालात, ते पुढचं पुढं? रागावू की नको, कळत नाही. दिवसभर हेच चालू आहे.

कोयनानगरकडची एक बाई महिन्यापासून कामाला येते. तिला मी स्वयंपाकघरातच थांबवते, न्हाणीचं दार लावून घेते आणि दात आवळून खुर्चीवरून सरकते. परवा दांड्यावरचा हात सुटला. मी फरशीवर. तिनं दार ढकललं. "ताई, मी हाय न्हवं," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत मला उचललं. 'खाली ठेव' हे शब्द ओठांपर्यंत आले होते.

हा कागद कुठं पाठवणार? घडी करून ठेवीन, नाहीतर फाडीन. तुम्ही समोर असतात तर पुढचं सांगितलंच नसतं. तिनं मला खुर्चीत नीट बसवलं, तरी तिच्या गळ्यातला हात मी लगेच काढला नाही.